कल्याणप्पांचा कॉम्प्युटर हँग झाला त्याची गोष्ट

लिनक्स हँग होत नाही! हे वाक्य मी धाराशिवात इतक्या जणांना ऐकवलंय की आमच्या गल्लीतली माणसं मला लांबून बघून रस्ता बदलतात. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला आहे, त्यामुळं मला तसा अधिकारच आहे. कुणाच्या घरी जुना, रडका कॉम्प्युटर दिसला की मी चहाच्या निमित्तानं आत घुसायचो आणि उठेपर्यंत त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून द्यायचो. घरमालकाला नको असलं तरी!

शेजारच्या कल्याणप्पांना मी असंच गाठलं. अप्पा म्हणजे एसटी स्टँडवरचे जुने कंट्रोलर. रिटायर होईपर्यंत माईकवरून गाड्या पुकारायचे. "तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा मार्गे जाणारी..." हा आवाज ज्यानं ऐकला नाही तो धाराशिवचा नाहीच! घरातही ते तसेच बोलायचे. अंघोळीला जायचं असलं तरी आधी घोषणा व्हायची, मग टॉवेल शोधला जायचा.

रिटायर झाले आणि अप्पांना पुकारायला गाड्याच उरल्या नाहीत. दिवसभर गप्प बसायला लागले. मग मी त्यांना एक माईक आणून दिला, रेकॉर्डिंग कसं करायचं ते शिकवलं आणि म्हणालो, "अप्पा, समृद्धी बंगळुरात. तिला गोष्टी सांगा की!" समृद्धी त्यांची सहा वर्षांची नात. तेव्हापासून दर आठवड्याला तिला आजोबांची एक गोष्ट जायला लागली. अप्पा परत बोलते झाले.

आणि एका सकाळी गोष्ट सांगता सांगता ते उठले, पडवीत बाजेवर आडवे झाले आणि तिथंच गेले, लिंगैक्य झाले. हे लिहितानाही मला ते खरं वाटत नाही. अजूनही सकाळी मी त्यांच्या अंघोळीच्या घोषणेची वाट बघतो.

शिवगणाराधना, म्हणजे अप्पांचा अकराव्या दिवसाचा विधी, दोन दिवसांवर आली तेव्हा महेश्वरीअक्कांनी, म्हणजे अप्पांच्या पत्नीनं, मला बोलावून घेतलं.

"उत्तरेश्वर, त्या दिवशीची गोष्ट ह्यांच्या कॉम्प्युटरमधीच हाय बघ. समृद्धी सारखी इचारायली, आज्जांनी ह्या टायमाला गोष्ट कामून पाठवली न्हाय म्हणून. उद्या यायलीय ती. तिला ऐकवायचीय. आन् मला बी."

"दोन मिनिटांचं काम, अक्का!" मी बाह्या सरसावल्या.

कॉम्प्युटर मधल्या खोलीत होता. अप्पांनी चालू ठेवलेलं यंत्र अक्कांनी कुणाला बंद करू दिलं नव्हतं. त्यात अप्पांचा फ्रेमला टाकलेला फोटो काही वेळेवर आला नाही. पण मॉनिटरवर अप्पा आणि समृद्धीचा हसरा फोटो होताच! मग पाहुण्यांनी मॉनिटरलाच हार घातला. काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. पुढं समई लावली. इतके दिवस येणारी-जाणारी माणसं त्या मॉनिटरला हात जोडून जात होती.

मी समई सरकवली आणि माऊस हलवला. बाण हलेना! कीबोर्ड बडवला. काही नाही! कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर त्यात चार दिवसांपूर्वीची तारीख.

"हँग झालंय," मागून आवाज आला. हे शरणबसप्पा, अप्पांचे चुलत भाऊ, नळदुर्गचे. "मास्तर, तुमी तर म्हणायचा, हे हँग हुत न्हाय!"

"हँग नाही, विचार करतंय," मी म्हणालो.

"चार दिस?"

मी परत कीबोर्ड बडवला. शरणबसप्पा पुढं सरकले. "आमच्या टीव्हीचं बी असंच व्हतंय. बटण बंद करायचं, चालू करायचं. हटा!"

"हात लावू नका!" मी एवढ्यानं ओरडलो की समई विझली. "अप्पा गोष्ट अर्धी सोडून उठले होते, रेकॉर्डिंग सेव्ह केलेलं नसणार. बंद केलंत तर आवाज गेला! कायमचा!"

शरणबसप्पांनी हात मागं घेतला. अक्कांचा चेहरा पांढरा पडला. "आसं नको करू रे, उत्तरेश्वर," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि तेवढ्यात लाईट गेली!

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता. पण त्याच इन्व्हर्टरवर घरातले सगळे पंखे होते आणि स्वयंपाकघरातला मिक्सरही. इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला.

"मिक्सर बंद करा!" मी ओरडलो.

"चटणी अर्धी ऱ्हायलीय!" आतून बायकांचा आवाज.

"चटणी खलबत्त्यात कुटा! अप्पा चाललेत!"

ही माझी चूक झाली, मान्य आहे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं. मिक्सर थांबला, पंखे थांबले आणि अर्धं घर मधल्या खोलीत जमा झालं. वीसेक माणसं माझ्या मानेवर श्वास सोडत होती.

आता मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. लिनक्समध्ये असं आहे की समोरचा पडदा अडकला तरी मागं दुसरा, साधा काळा पडदा असतो. तिथं जायचं, हुकूम टाईप करायचे आणि पुढचं मोकळं करायचं. कंट्रोल, आल्ट, एफ-तीन! मी ऐटीत तीन बटणं दाबली.

अप्पांचा फोटो नाहीसा झाला. हाराच्या मधोमध नुसता अंधार!

"अय्यो शिवा! गेले!" कुणीतरी किंचाळलं. अप्पांची मुलगी श्रीदेवी भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. मग सगळं घरच रडायला लागलं. समोरचे बिऱ्हाडकरू बनियनवर धावत आले.

"कोण गेलं?"

"अप्पा!"

"परत?"

"गेले नाहीत! मागं आहेत!" मी दोन्ही हात वर करून सांगत होतो. "पडदा बदललाय फक्त!" पण रडणाऱ्या माणसांना हे कसं पटावं? खरं सांगायचं तर त्या काळ्या काचेकडं बघून मलाही भडभडून आलं. नाक पुसत पुसत मी हुकूम टाईप केले.

आणि रोग सापडला. आतली जागा संपली होती! कणभरही शिल्लक नव्हती, म्हणून बिचारं यंत्र गुदमरलं होतं. कशानं भरली हे शोधायला वेळ नव्हता. इन्व्हर्टर अजून पीं पीं करतच होता. काहीतरी मोठं काढून टाकायला हवं होतं.

"अक्का, ह्यात कुमारच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. तीन भाग. लई मोठा आहे."

कुमार म्हणजे शरणबसप्पांचा मुलगा. शरणबसप्पा ताडकन उठले. "त्येला हात लावायचा न्हाय! आमची कॉपी हरवलीय, ही एकच ऱ्हायलीय!"

"काढ," अक्का म्हणाल्या.

"वैनी!"

"काढ म्हणते ना. त्या लग्नात ह्यांना तुमी शेवटच्या पंगतीला बसवलं हुतं. थंड भात वाढला हुता. ह्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं न्हाय, पण मला म्हाईत हाय."

मी काढला. शरणबसप्पांनी डोक्याला हात लावला. मी परत पहिल्या पडद्यावर आलो आणि माऊस हलवला. बाण हलला! घड्याळ आजवर येऊन पोचलं! हारातून अप्पा पुन्हा हसायला लागले. सगळ्यांनी हात जोडले. ते मलाच जोडलेत असं मी धरून चाललो.

रेकॉर्डिंगची खिडकी उघडली आणि मी बघतच राहिलो. अप्पा उठताना ते थांबवायला विसरले होते! माईक त्या सकाळपासून चालूच होता. जागा संपेपर्यंत त्यानं या खोलीतलं सगळं टिपून ठेवलं होतं. म्हणजे लिनक्सची चूक नव्हती! मी घाईघाईनं सगळं सेव्ह केलं आणि हे मोठ्या अभिमानानं मोठ्यानं सांगितलं.

हात जोडलेले सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"म्हंजी," शरणबसप्पा म्हणाले, "आमी भेटायला आल्यावर हितं बसून जे बोललो..."

"सगळं आहे. अगदी स्पष्ट."

पाहुण्यांना भराभर बाहेरची कामं आठवली. कुणाला स्टँडवर जायचं होतं, कुणाला पान खायचं होतं. इतके दिवस त्या खोलीत वाटण्यांपासून चहातल्या साखरेपर्यंत काय काय निघालं असेल ते देवच जाणे! शरणबसप्पांनी तर लग्नाच्या व्हिडिओचं नावही पुन्हा काढलं नाही. क्षणात खोलीत अक्का, श्रीदेवी आणि मी एवढेच उरलो.

लाईट आली. मी गोष्ट सुरुवातीपासून लावली.

"लक्ष द्या, लक्ष द्या! समृद्धी मॅडम, फलाट क्रमांक एकवर राजकन्येची गाडी लागत आहे. राक्षसानं रांगेत यावं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये!"

तोच आवाज! अक्का तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. राक्षसाची गाडी नळदुर्गजवळ पंक्चर झाली. राजकन्या उतरून धक्का मारायला लागली. आणि तिथं अप्पा थांबले. आतल्या बाजूला वळून म्हणाले, "अगं, चहा टाकतीस का जरा?"

लांबून, स्वयंपाकघरातून आवाज आला. "आत्ताच झाला न्हाय का? किती येळा टाकू? माझे बी पाय दुखतेत!"

"बरं, ऱ्हाऊ दे."

खुर्ची सरकली. त्यानंतर नुसता पंख्याचा आवाज.

मी थांबवलं. श्रीदेवी मान खाली घालून बसली होती. अक्का मॉनिटरकडं बघत होत्या.

"मला आठवतच न्हाय बघ, मी आसं बोललेलं. शेवटचं हेच बोलले व्हय मी त्यांना?"

मी विझलेली समई परत लावली.

मग त्या म्हणाल्या, "उत्तरेश्वर, तेवढं माझं काढता येतंय का? पोरीला ऐकायला नको."

ते सोपं होतं. मी तेवढा तुकडा कापला आणि पुन्हा लावून दाखवलं.

"अगं, चहा टाकतीस का जरा?"

पंख्याचा आवाज.

"बरं, ऱ्हाऊ दे."

खुर्ची सरकली.

अक्कांनी माझा हात धरला. "न्हाय रे. आता तर घरात कुणीच नव्हतं आसं वाटायलंय. ते इचारायलेत आन् त्यांच्याशी कुणी बोलंना. ठेव परत माझं. वसकले तर वसकले. मी हुते की तिथं."

मी कंट्रोल आणि झेड दाबलं. अक्कांचा आवाज होता तिथं परत आला. दिवसभरात माझ्या हातून पहिल्या फटक्यात नीट झालेलं तेवढं एकच काम. आणि ते तर आमच्या लॅबमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं!