तेरा सह्या आणि पक्ष्यांचं पुस्तक

पक्ष्यांचं पुस्तक हरवलं आहे हे शुक्रवारी, मधल्या सुट्टीच्या जरा आधी कळलं. ग्रंथपाल तोतारामने कपाट तीनदा रिकामं केलं, तीनदा भरलं. दुसऱ्या खेपेला मेलेली पाल निघाली. पुस्तक निघालं नाही.

पुस्तक साधं नव्हतं. सत्त्याऐंशी साली शिक्षण खात्याने प्रत्येक हायस्कूलला त्याची एकेक प्रत दिली होती. जाड पुठ्ठा, रंगीत चित्रं. आणि सोमवारी तपासणी होती. मुख्याध्यापक ज्ञानचंद सरांनी बजावलं होतं, "एक जरी पुस्तक कमी भरलं, तर ग्रंथालयाची खोली लोटन सरांच्या खेळाच्या सामानाला. पुस्तकं काय, व्हरांड्यातही राहतील."

पी.टी.चे लोटन सर त्याच दुपारी टेप घेऊन आले.

"भाऊ, जरा सरका. ढोल कुठं बसतो ते बघू द्या."

"खोली अजून माझी आहे."

"तुमचीच हो! आम्ही नुसतं माप घेतोय."

तोतारामचा त्या खोलीवर जीव होता. दहा महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून तो शाळा भरायच्या दीड तास आधीच येऊन बसे. शिक्षकांना मात्र वाटे, ग्रंथपाल म्हणजे रिकामा माणूस. कोणी रजेवर गेलं की तो वर्ग तोतारामकडे. पुस्तक हवं असलं की चिठ्ठी यायची, 'ते निळं पुस्तक देणे.' खाली नाव नाही. परत मागायला जावं तर उत्तर ठरलेलं, "मी कधी नेलं?"

त्या दिवशीही तो शिक्षकांच्या खोलीत विचारून आला. राजकुंवर बाई म्हणाल्या, "मला कावळा आणि चिमणी ओळखू येतात. बाकीच्यांशी माझी बोलचाल नाही." हिंदीचे झुलाल सर म्हणाले, "सूचना काढा ना. आम्ही वाचू."

वाचू म्हणाले, तिथेच तोताराम पेटला. या शाळेत सूचना वही कोणी वाचत नसे. शिपाई भिकन वही उघडून समोर धरायचा आणि शिक्षक एका हाताने फळ्यावर लिहिता लिहिता दुसऱ्या हाताने सही करायचे. तोतारामने वही ओढली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'खाली सही करणाऱ्याकडे शाळेचे पक्ष्यांचे पुस्तक आहे. तपासणीच्या दिवशी ते तो स्वतः आणून देईल.' मग त्याने वही भिकनकडे दिली आणि पुन्हा कपाटात डोकं घातलं.

शाळा सुटता सुटता भिकन म्हणाला, "बठ्ठासनी सह्या करी टाक्यात, आबा."

"कोणी वाचलं का?"

"वाचाले टाईम कोनले शे?"

शनिवारी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचं, असं तोतारामने ठरवलं होतं. पण तपासणीच्या धास्तीने ज्ञानचंद सरांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सूचना वही वाचली. सगळ्यांना बोलावणं गेलं.

"तोताराम, हा काय चावटपणा?"

"सर, पहिली सही तुमचीच आहे."

ज्ञानचंद सरांनी पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"पान फाडा," लोटन सर म्हणाले.

"पानांवर छापील आकडे आहेत."

"मग शाई सांडा."

"साहेब शाईबद्दल विचारतील," ज्ञानचंद सर म्हणाले. "सही केली ना? मग पुस्तक आणा. प्रत्येकाने एक. प्रत्येक हायस्कूलमध्ये आहे. उद्या रविवार आहे."

रविवारी सगळी शाळा एस.टी.त होती. राजकुंवर बाईंचा भाऊ फैजपूरला शिक्षक होता, त्याच्या उशाखालून त्यांनी प्रत काढली. झुलाल सरांनी नरडाण्याच्या साडूला कामाला लावलं. पारोळ्याच्या पी.टी. मास्तरने पुस्तकाच्या बदल्यात लोटन सरांचे दोन व्हॉलीबॉल ठेवून घेतले. खुद्द ज्ञानचंद सर धुळ्याला गेले आणि 'अभ्यासासाठी' म्हणून एक प्रत पिशवीत घालून आले.

सोमवारी सकाळी टेबलावर बारा पुस्तकं आणि त्यांवर बारा शाळांचे शिक्के. तोतारामने सगळ्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि शिक्क्यांवर चिठ्ठ्या डकवल्या.

साहेब आले. "खात्याने एक प्रत दिली होती. या बारा?"

"आमच्या शिक्षकांना फार आवड आहे, साहेब," ज्ञानचंद सर म्हणाले.

"असं? तुम्हाला कोणता पक्षी आवडला?" साहेबांनी लोटन सरांना विचारलं.

"कोंबडी."

ज्ञानचंद सरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र हसले. त्यांनी शेरा लिहायला घेतला: 'शिक्षकांचे वाचन उल्लेखनीय. ग्रंथालयाची खोली कायम ठेवावी.' लोटन सरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात साहेबांनी सूचना वही उघडली आणि बोटाने सह्या मोजल्या.

"सह्या तेरा. पुस्तकं बारा. हे तोताराम कोण?"

"मी, साहेब."

"ही सही तुमची?"

सही त्याचीच होती. खालची रेघसुद्धा त्याचीच. तोताराम भिकनकडे बघत राहिला.

भिकन हळूच म्हणाला, "तुम्हीच करेल शे, आबा. कपाटमा डोकं घालीसन."

"मग तुमची प्रत कुठाय?"

"घरी असेल साहेब," लोटन सर मध्येच म्हणाले. "वहिनींना त्यातली चित्रं आवडायची." बोलून झाल्यावर ते स्वतःच्या बुटांकडे बघू लागले.

"हो," तोताराम म्हणाला. "घरी असेल."

साहेबांनी शेऱ्याखाली एक ओळ वाढवली, 'तेरावी प्रत जमा झाल्यावर,' आणि विचारलं, "आता पारोळ्याची शाळा. रस्ता कसा आहे?" हे ऐकताच लोटन सरांनी कव्हरासकट पुस्तक बनियनमध्ये खुपसलं, भिकनची सायकल घेतली आणि एस.टी. स्टँडकडे सुटले. जीप निघायच्या आत बाकीची अकरा पुस्तकंही टेबलावरून गेली.

घरात तोतारामने शुक्रवारी संध्याकाळीच सगळं पालथं घातलं होतं. फडताळ, पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागेही. बायकोची, यशोदाबाईची लोखंडी पेटी तेवढी सोडली होती. शेवटच्या दिवसांत ती खाटेवर पडून पुस्तक उघडायची आणि समोरच्या तारेवर बसलेला पक्षी त्यात शोधायची. सापडला की त्याला हाक मारायची. ती गेल्यावर सगळं आवरलं ते तिच्या बहिणीने. जे दिसलं ते पेटीत भरलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

आज पुन्हा शुक्रवार. ज्ञानचंद सर रोज विचारतात, "आणलं का?" लोटन सर काही विचारत नाहीत, पण टेप त्यांच्या खिशात असते. किल्ली तोतारामच्या खिशात असते.

पेटी उघडायची राहिली आहे.