सनदचा किलमोराकर

इनास घोन्सालवीस बहरीनच्या सनद भागात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुझी पॅरिश कुठली?"

मी परकार, श्रीवर्धनकडचा. म्हटलं, "अंकल, मी मुसलमान आहे."

"ते दारावरच्या पाटीवर वाचलं. पॅरिश विचारतोय."

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम., सेकंड क्लास, आणि सेकंड क्लास सांगायला मला लाज वाटत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. आमचा मजला येईपर्यंत मी विचार केला आणि सांगितलं, की आमच्याकडे गावात मशिदीची जमात असते. लग्न, मयत, भांडण, सगळं जमातीत. अंकलचा चेहरा खुलला.

"मग जमात म्हणजेच पॅरिश. तुमची मशिदीची, आमची चर्चची. पुढच्या वेळी सरळ सांगायचं."

हाच प्रश्न त्यांनी आमच्या बांगलादेशी वॉचमनला विचारला, पठाण टॅक्सीवाल्याला विचारला, आणि सलमानियाच्या हॉस्पिटलात रक्तदाब तपासणाऱ्या इजिप्शियन डॉक्टरलाही विचारला. डॉक्टरने म्हणे रक्तदाब पुन्हा तपासला. माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या कंपनीचा, व्हिसा कसला, याच्याशी इनासअंकलना काही घेणंदेणं नाही. कुठल्या देवळाच्या घंटेखाली जन्मला ते सांगा, मग पुढे बोलू.

स्वतः ते वसईचे. झल्लाकच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात लॉन्ड्री सुपरवायझर. चादर हातात न घेता नुसती बघून तिला किती वेळा ब्लीच दिलंय ते सांगतात. बायको वारली, मूलबाळ नाही, मोठी बहीण मागदलीन वसईला. इथपर्यंत सगळं सरळ आहे. सरळ नाही ते पुढचं. वसईच्या या माणसाची खरी पॅरिश, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, आयर्लंडात आहे. गावाचं नाव किलमोरा. तिथे ते कधी गेलेले नाहीत.

किलमोराचा एक हर्लिंगचा क्लब आहे. हर्लिंग म्हणजे काय ते अंकलनी मला आमच्या दिवाणखान्यात लाटणं घेऊन समजावलं, आणि नसीमाने, म्हणजे माझ्या बायकोने, लाटणं काढून घेतल्यावर तोंडी समजावलं. खाली पसरट होत गेलेली लाकडी काठी, मुठीत मावेल असा कडक बॉल, दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण. बॉल काठीवर झेलायचा, पळत पळत हवेतच हाणायचा. आडव्या दांडीवरून गेला की एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन पॉइंट. माझ्या मते हॉकी आणि मारामारी यांचं लग्न लावून दिलंय. पण अंकलना खेळापेक्षा त्याचा कायदा प्यारा. आयर्लंडात प्रत्येक काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्याची म्हणा, दरवर्षी स्पर्धा असते. गावागावांचे क्लब एकमेकांशी भिडतात आणि शेवटी एकाला कप मिळतो. खेळाडूला पगार नाही. आणि खेळायचं ते आपल्या पॅरिशकडून.

"खेळाडू विकत घ्यायची सोयच नाही," अंकल मला सांगत, जणू हा नियम त्यांनीच पास करून घेतला होता. "तुझा सेंटर फॉरवर्ड म्हातारा झाला? मग लग्नं लाव, पोरं होऊ दे, वाढव. दुसरा इलाज नाही."

हा इलाज किलमोराला लागू पडला नव्हता. त्यांना काउंटीचा कप कधीच मिळाला नव्हता.

अंकलच्या घरी किलमोराची एक निळी-पिवळी जर्सी आहे. ती ते बाथरूममध्ये, बादलीत, हाताने धुतात. मी एकदा म्हटलं, एवढ्या मोठ्या हॉटेलची लॉन्ड्री तुमच्या ताब्यात, तिथे टाका की. ते गंभीरपणे म्हणाले, "हॉटेलच्या मशीनवर माझा भरवसा नाही." काठीही आहे. सुट्टीच्या सकाळी ते गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर बॉल मारत बसत. एकदा बॉल कुणाच्या तरी एसीच्या पंख्यात गेला. वॉचमन वर आला, "मफी अंकल, मफी, खलास," म्हणजे नाही, बस झालं, असं म्हणत काठी खाली घेऊन गेला आणि संध्याकाळी स्वतःच परत आणून दिली, कारण रात्रीच्या पहाऱ्याला ती किती उपयोगी पडेल हे अंकलनी पटवलं होतं, तरी दिवसभर वागवून त्याला ती जड झाली.

आता किलमोराच्या खेळाडूंबद्दल. त्या गावात जो तो रायन. अर्ध्याहून जास्त टीम रायन. आपला माणूस यात गोंधळून गेला असता, पण इनासअंकल ज्या गावचे तिथे चर्चमध्ये "घोन्सालवीस" म्हणून हाक मारली तर पाच बाकं उभी राहतात. तिथे माणूस ओळखायचा तो घराच्या खुणेवरून, धंद्यावरून. अंकलनी किलमोराची तशीच व्यवस्था लावून टाकली. पोस्टातला रायन. दूधवाला रायन. मास्तर रायन. गोलकीपर तो बावखलावरचा रायन, कारण त्याच्या घरामागे म्हणे तळं आहे. आपली वसईची बावखलं ती आयर्लंडात कशी पोचली, हे विचारायचं मी सोडून दिलं.

उन्हाळा संपत आला की ही स्पर्धा रंगात येते. मॅच बहुतेक रविवारी. आपल्याकडे बहरीनमध्ये रविवार म्हणजे कामाचा दिवस, तेव्हा अंकल ड्यूटी बदलून घेत आणि फोनवर मॅच लावून बसत. भिंतीपलीकडून आम्हाला त्यांचं इंग्रजी ऐकू येई. "पोस्ट ऑफिस रायन टेकिंग! मिल्कमन स्टँडिंग लाइक स्टॅच्यू! ओ गॉड, मिल्कमन!" एकटा माणूस, स्वतःशीच. माझी मुलगी सना अभ्यासाचं पुस्तक मिटून म्हणे, "अब्बा, अंकल इज शाउटिंग अगेन." मी म्हणे, एकटे असतात, शाउट करू दे.

त्या वर्षी किलमोरा काउंटीच्या फायनलमध्ये पोचलं.

अंकलची झोप उडाली. फायनल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्याच दिवशी हॉटेलात एक मोठं लग्न. चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन यांचा डोंगर. मॅनेजरने सांगितलं, सुट्टी नाही. मग अंकलनी खात्यातल्या जोजो नावाच्या फिलिपिनो सुपरवायझरशी सौदा केला. तो रविवार जोजोने सांभाळायचा, आणि बदल्यात अंकलची नाताळची सुट्टी जोजोला.

वसईच्या माणसाने नाताळची सुट्टी देऊन टाकणं म्हणजे काय ते वसईच्या माणसालाच कळेल. मागदलीनबाय फोनवर इतक्या मोठ्याने बोलल्या की भिंतीपलीकडून आम्हाला शब्दन्‌शब्द कळला. बहरीनच्या उन्हाने तुझं डोकं शिजलं, असा त्याचा सारांश. मीही स्पष्ट बोलणारा माणूस. तोंडावर सांगितलं, "अंकल, न पाहिलेल्या गावाच्या मॅचसाठी नाताळ सोडणं हा मूर्खपणा आहे."

"हो," ते म्हणाले. "पण तुझा टीव्ही लागेल. माझा फोन मोकळा ठेवायचाय."

रविवारी पाचला ते जर्सी घालून आले. नसीमाने भजी तळली होती. मी टीव्ही लावला. हिरवंगार, रिकामं मैदान. चिटपाखरू नाही. अंकलनी घड्याळ पाहिलं, फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टीपॉयवर ठेवला. एक नर्स बोलली, मग खूप लांबून, खोकत, एक म्हातारा आवाज आला.

"इनास? सुरू झाली का?"

अंकलनी हळू आवाजात सांगितलं, तेव्हा मला सगळं कळलं. हे डोनल. बऱ्याच वर्षांपूर्वी झल्लाकच्या त्याच हॉटेलात चीफ इंजिनिअर होते. बॉयलर त्यांचा आणि वाफ लॉन्ड्रीची, त्यामुळे दोघांची दोस्ती बॉयलरच्या खोलीत झाली. जन्माने किलमोराचे. काठी आणि जर्सी त्यांनीच जाताना अंकलना दिलेली. आता डोळे पूर्ण गेलेत, आणि मुलीच्या घराजवळ, दुसऱ्याच काउंटीतल्या वृद्धाश्रमात असतात. तिथे किलमोराचं नाव कुणाला माहीत नाही. अंकल इतकी वर्षं भिंतीपलीकडे एकटे ओरडत नव्हते. ते मॅच सांगत होते. एकाच फोनवर दोन्ही चालवताना लाइन तुटायची, म्हणून आज आमचा टीव्ही.

मी हळूच विचारलं, रेडिओवर कॉमेंट्री नसते का?

"असते," अंकल कुजबुजले. "पण रेडिओवाला सगळ्यांना रायन म्हणतो. कुणाच्या घरचा ते सांगत नाही."

मैदान रिकामंच होतं. मी मगरीबची नमाज पढून आलो तरी रिकामंच. मग सनाने फोनमध्ये पाहून सांगितलं, की त्याच पहाटे आयर्लंडातली घड्याळं तासभर मागे सरकली होती. तिकडे थंडीसाठी तसं करतात. बहरीनचं घड्याळ आपलं बारमाही एकच. अंकल तासभर आधी आले होते. दुसरा कुणी फोन ठेवून नंतर लावला असता. अंकलनी रिकामं मैदान सांगायला घेतलं. गवत चांगलं कापलंय. एक कुत्रा आलाय, हाकलायला कुणी नाही. पलीकडच्या कठड्याला रंग दिलाय, निळा. डोनल म्हणाले, त्याच कठड्यावर त्यांचे वडील त्यांना बसवायचे. कठडा नीट दिसतो का? अंकल टीव्हीजवळ गेले, चष्मा वर केला. "दिसतो. दोघांपुरती जागा आहे."

मॅच सुरू झाली आणि आमचं घर किलमोराकडचं झालं. नसीमा दूधवाल्याला शिव्या देऊ लागली. सना इंग्रजीतून मास्तरला सांभाळून घेऊ लागली. मी तटस्थ राहायचं ठरवलं होतं, पण समोरच्या टीमच्या एकाने बावखलावरच्या रायनला ढकललं तेव्हा मीही उभा राहिलो.

शेवटच्या मिनिटाला किलमोरा दोन पॉइंटनी मागे. गोलसमोरून फ्री मिळाली, म्हणजे फाउलबद्दलचा मोकळा फटका. गोल झाला तर तीन, म्हणजे कप. पोस्टातला रायन बॉलजवळ आला. समोर जाळ्याच्या तोंडावर माणसांची भिंत. अंकलचा आवाज इतका खाली गेला, की डोनलना ऐकू जातंय की नाही असं मला वाटलं. "उचलला. मारला."

बॉल खांबाच्या बाहेरून गेला. शिट्टी वाजली. समोरची माणसं मैदानात धावली.

फोनमधून आवाज आला, "इनास?"

मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "गोल झाला म्हणा. त्यांना कोण सांगायला जातंय?"

अंकलनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "आज कप मिळाला म्हणून सांगितलं, तर पुढच्या वर्षी तो कशाची वाट बघणार?"

मग हात काढला आणि सांगितलं. हरलो, डोनल. बाहेर गेला.

पलीकडून प्रश्न आला, "कुठल्या बाजूने?"

"डावीकडून," अंकल म्हणाले, आणि खांबापासून किती बाहेर ते दोन्ही हातांनी दाखवलं. "एवढंच."

"त्याचा आजोबासुद्धा डावीकडूनच घालवायचा," डोनल म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, नर्सने काहीतरी म्हटलं, तरी हसतच होते. अंकलही हसले. त्या आजोबाला दोघांपैकी एकानेच पाहिलं होतं, पण हसत होते ते दोघं सारखेच.

अंकलनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि खिडकीकडे वळून बसले. नसीमाने पानं घेतली, जेवायला चला म्हणाली. त्यांनी हातानेच थांब अशी खूण केली. फोन केव्हाच कट झाला होता, विझलेला पडदा मला बसल्या जागेवरून दिसत होता. मी नसीमाला म्हटलं, थांब जरा, बोलतायत ते.