बंदर नसलेले देश

जर्मनीचा कैसर गादीवरून खाली आला तो दोस्तांच्या तोफांमुळे, असे तुम्ही इतिहासात वाचले असेल. हातखंब्याच्या अलीकडच्या आमच्या गावात हे कोणी मानत नाही. त्याला धोंडूतात्या गुरवाने खाली आणला.

धोंडूतात्या आमच्या भैरीबुवाचा गुरव. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचे, हा त्याचा पिढीजात मान. इतर गावांत गाऱ्हाण्यात काय असते? पाऊस वेळेवर पडू दे, गुरावासरांना सांभाळ, मुंबईच्या चाकरमान्यांना बरकत दे. दर वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो, नारळ फुटतो आणि मंडळी घरी जातात. लढाई पेटल्यावर तात्याने गुरावासरांनंतर थेट कैसराला घेतला. "बा म्हाराजा, ह्यो जो कोन कैसर दर्यात आगबोटी बुडवतोय, त्याची मती ठिकानावर आन." गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." असे काही शिमगे गेले आणि कैसर पळाला. तेव्हापासून तात्याला बोलायची कोणाची छाती नव्हती.

माझी बदली तिथल्या शाळेवर झाली तेव्हा लढाई संपून बरीच वर्षे लोटली होती. तात्याची संपली नव्हती. मुंबईचे एक साप्ताहिक मला टपालाने येई, आणि ते आल्याचा सुगावा माझ्याआधी त्याला लागे. "देव काय पेपर वाचतोय गुर्जी? आपनच कळवाया पायजे," असे म्हणत तो ओट्यावर बैठक मारी. मग झारला मारल्यावर रशियात काय चालले आहे ते मी सांगायचे, चीनमधली यादवी सांगायची, जर्मनीत पावाला टोपलीभर नोटा कशा पडल्या ते सांगायचे. त्याचा प्रश्न ठरलेला असे. "तिथं बंदर हाय?"

बंदर असले की तो देश गाऱ्हाण्यात. स्वित्झर्लंड त्याने नीट ऐकून घेतला आणि सोडून दिला. लढाईनंतर ऑस्ट्रियाचा समुद्रकिनारा गेला असे मी सहज बोलून गेलो, तर इतकी वर्षे गाऱ्हाण्यात असलेल्या ऑस्ट्रियाला त्याने त्याच बैठकीत काढून टाकले. म्हाताऱ्याला दर्याचे खूळ आहे, अशी मी समजूत करून घेतली.

मग मंदी आली. आंब्याला भाव नाही, गिरण्यांची धुरांडी थंड, चाकरमानी वळकट्या काखेत मारून परत. गाऱ्हाणे मारुतीच्या शेपटीसारखे वाढले. तात्या न्यूयॉर्क, हांबुर्ग, लिव्हरपूल करत सावकाश जगाला वळसा घाली, आणि ढोलवाले गळ्यात ढोल घेऊन या पायावरून त्या पायावर होत.

गावचे खोत सरकारात वजन राखून होते. मिठाच्या चळवळीनंतर शिमग्याला फौजदार येऊन बसू लागला होता, आणि नेमके त्याच्यासमोर तात्याने लंडनच्या सरकारालाही चार शहाणपणाच्या गोष्टी सांग म्हणून देवाला विनवले. बातम्या पुरवणारा मी, तेव्हा खोतांनी मला बोलावून झापले. गाऱ्हाणे गावाचे, ते गावापुरतेच घालायचे. ऐकत नसेल तर पुढच्या सालापासून मान त्याच्या चुलतभावाकडे जाईल, असे त्याला सांगा म्हणाले.

मी निरोप घेऊन गेलो तर तात्या देवळात. घरी त्याची बायको, जिला सारा गाव काकी म्हणतो, तांदूळ पाखडत होती. तिला सांगितले. सूप न थांबवता ती म्हणाली, "आमचा गणू आगबोटीवर आगवाला. भट्टीत कोळसा घालायचा. लढाईत बोट कुठं गेली तां कुनी सांगितलां न्हाय. बुडाली म्हनतात. ह्ये म्हनतात, कुठल्या तरी बंदराला उतारला आसंल."

मग गाऱ्हाण्यात त्याचेच नाव का घेत नाहीत, असे मी विचारले.

"गारानां गावाचां. त्यात घरचां नाव घ्याचां न्हाय, आशी मामंजींनी शपत घातलेली."

एका पोराला झाकता यावे म्हणून म्हाताऱ्याने सगळ्या जगावर पांघरूण घातले होते. खोतांचा निरोप मी संध्याकाळी तात्याला सांगितला. तो म्हणाला, मान भैरीनं दिलाय, खोतानं न्हाय. आणि या आठवड्याचा पेपर आला का, ते विचारले.

शिमग्याला फौजदार खुर्चीवर, शेजारी खोत. तात्याने नारळ हातात धरला. पाऊस झाला, गुरे झाली, चाकरमानी झाले. मग त्याने खुर्च्यांकडे रोखून पाहिले आणि आवाज चढवला. "बा म्हाराजा, दर्याच्या कडंला जेवडी म्हनून बंदरां हायत..."

खोत उठलेच. "तात्या, पुरे. गावचं असेल तेवढंच बोल."

तात्या नारळ छातीशी धरून उभा राहिला. बंदरे गाळली तर गणूच गाळला जात होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकी बोलली. सहाणेवर बाईमाणसाने तोंड उघडल्याचे आजवर कोणी ऐकले नव्हते.

"आमचा गणू गावचाच हाय, म्हाराजा. जिथं आसंल तिथं त्येला सांबाळ."

"व्हय म्हाराजा," गाव गरजला. सवयीने खोतही म्हणून बसले.

तात्याने पुढे एकही बंदर न घेता नारळ फोडला. गावाने, आणि स्वतः खोतांनीही, ज्याला होय म्हटले ते आता खोतांना मोडता येणार नव्हते. मान तात्याकडेच राहिला.

पुढच्या आठवड्यात तो नेहमीसारखा ओट्यावर येऊन बसला.

"गुर्जी, त्या ऑस्ट्रियाचां वाचा बगू. नि तो बंदर नसल्याला दुसरा देश, त्याचां बी."

मी म्हटले, "तात्या, तिथे आगबोट कशी लागेल?"

"आगबोट न्हाय लागत," तो म्हणाला. "पन उतारल्यावर मानूस चालत जाईल का न्हाय?"