बुधवारची मोजणी

सखुबाईला बागेत जायची बंदी झाली त्याला तीन आठवडे होऊन गेले होते, आणि बंदी घालणारा तिचा सख्खा मुलगा उखा होता.

बाग काही लांब नव्हती. घर आणि बाग यांच्यामध्ये फक्त रस्ता. लिंबायतमधल्या तापीदर्शन सोसायटीतून तापीचं दर्शन कुठूनच होत नसे, पण ही बाग प्रत्येक ओट्यावरून दिसायची. पारोळ्याकडचं गाव सोडून आलेल्या सखुबाईला अख्ख्या सुरतेत ती एकच जागा आवडली होती. तिथे लिंबाखाली तिच्या वयाच्या चार जणी जमत. सुनांची गाऱ्हाणी सांगायची तर सुनांपासून रस्त्याभराचं अंतर लागतंच. पण कापडाच्या गाठी घेऊन कडोदऱ्याकडे पळणाऱ्या टेम्पोवाल्यांना बागेच्या वळणावरचा हा जवळचा रस्ता सापडला, आणि एका सकाळी एक टेम्पो सखुबाईच्या पदराला घासून गेला.

"माय, आते तू बागमा जाऊ नको," उखा म्हणाला.

"मंग काय घरमा बसीसन भिती मोजू?"

"मोज. पन रस्तावर पाय ठेवाना नही."

सखुबाईने भिंती मोजल्या नाहीत. ती ओट्यावर बसून टेम्पो मोजू लागली आणि संध्याकाळी कारखान्यातून आलेल्या मुलाला नुसता आकडा सांगू लागली. एकशे बारा. एकशे तीस. त्याखेरीज ती फारसं बोलेनाशी झाली. उखाला घास गोड लागेना.

शेवटी तो सोसायटीचे प्रमुख हिलालभाऊ यांच्याकडे गेला. हिलालभाऊंना अर्ज लिहायची हौस दांडगी. त्यांनी महापालिकेकडे गतिरोधकासाठी एकामागून एक चार अर्ज ठोकले. चौथ्याला उत्तर आलं की साहेब स्वतः येऊन गाड्या मोजतील, आणि गाड्या पुरेशा भरल्या तरच रस्त्यावर उंचवटा होईल. दोघे दिवस ठरवायला कचेरीत गेले.

"साहेबांनी कधी यायचं?" कारकुनाने विचारलं.

"बुधवारी," उखा चटकन म्हणाला. "बुधवारी आमच्या भागात वीज बंद, म्हणून कारखाने बंद. अख्खी सोसायटी हजर राहील."

"वा, उखा," हिलालभाऊंनी त्याची पाठ थोपटली.

दोघांची मिळून तीस वर्षं मागावर गेलेली. वीज बंद म्हणजे माग बंद, माग बंद म्हणजे कापड नाही, आणि कापड नाही म्हणजे टेम्पो कशाला येईल, एवढा साधा धागा दोघांपैकी एकाच्याही हाती लागला नाही. सुट्टीच्या आनंदात माणसाचं डोकंही सुट्टीवर जातं.

बुधवारी नऊला जीपमधून जरीवालासाहेब उतरले. लिंबाखाली खुर्ची, टेबल, पाण्याचा तांब्या, इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं, सगळं जय्यत तयार होतं. ड्रायव्हर साहेबांना सोडून जीप घेऊन नाश्त्याला निघून गेला. साहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुनी लुगडी अंथरलेली होती, आणि त्यांवर सोसायटीतल्या बायका ज्वारीचे ओले बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, थापत होत्या. उन्हाळ्यातल्या दर बुधवारी त्या हेच करत. एवढं मोकळं, सपाट ऊन दुसरीकडे कुठे मिळणार? मधोमध पदर खोचून बसली होती उखाची बायको मंगलाबाई.

"उखाभाई, ट्रॅफिक क्यां छे?" साहेबांनी विचारलं.

"येईल, साहेब."

दहा वाजले. एक गाय येऊन गेली. साहेबांनी ती लिहिली नाही.

उखाने बायकोला बाजूला घेतलं. "अवं, आज बिबडे टाकाना व्हतात का?"

"आज बुधवार शे. मंग कवय टाकू, टेम्पो येतंस तवय?"

तेव्हा कुठे उखाच्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ घाम फुटला. ओट्यावर बसलेल्या आईकडे त्याने पाहिलं. तिने आजचा आकडा हाताने दाखवला. मूठ बंद होती.

हिलालभाऊ मात्र खचणारे नव्हते. त्यांनी सोसायटीतल्या वाल्मिकची रिक्षा काढायला लावली, बायकांकडून एका बाजूची लुगडी गोळा करवली आणि स्वतः प्रवासी होऊन मागे बसले. रिक्षा बागेला वळसा घालून पुन्हा पुन्हा येऊ लागली. पहिल्या फेरीत हिलालभाऊंच्या डोक्यावर टोपी होती. दुसरीत नव्हती. तिसरीत काळा चष्मा होता. सहाव्या फेरीला ते भर मे महिन्यात शाल पांघरून आले. साहेब शांतपणे रेघा ओढत होते.

आठव्या रेघेनंतर त्यांनी विचारलं, "ये काका को जाना कहाँ है?"

"सचिन गावाला, साहेब," उखा बोलून गेला.

"सचिन तो उस तरफ है. ये आठ बार इधर क्यों आए?"

साहेबांनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता, पण वहीबाहेर जाणारा नव्हता. "देखो भाई, जो दिखेगा वही लिखूँगा. रस्ते का नाप लेकर निकलता हूँ."

ते टेप धरून रस्त्याच्या मधोमध ओणवे झाले. उखाला आईकडे बघवेना. आता ती उरलेले दिवस ओट्यावरच काढणार, आणि तेही आपल्याच शहाणपणामुळे, या विचाराने त्याला भडभडून आलं.

नेमका त्याच वेळी नाश्ता आटोपून साहेबांचा ड्रायव्हर परतला. उशीर झालेला आणि रस्ता मोकळा. बागेच्या वळणावरून जीप सुसाट आली. साहेबांची पाठ तिकडे. सगळे जागच्या जागी थिजले. हलली फक्त सखुबाई. तीन आठवडे कान लावून बसलेल्या तिला वळणावरची गाडी दिसायच्या आधीच कळायची. ओट्यावरून उतरून तिने साहेबांचं मनगट धरलं आणि खसकन ओढलं. जीप टेपवरून गेली. साहेब बिबड्यांवर बसले.

"लागनं का, भाऊ?" सखुबाईने विचारलं.

साहेब उठले. पाठीमागे पाच बिबडे चिकटले होते, ते सोडवायचं धाडस कोणाला होईना. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. उखाने खांद्यावरून वाचलं. रिक्षा एक. जीप एक, अतिधोकादायक. गतिरोधक तातडीने आवश्यक.

दीड महिन्याने उंचवटा झाला, तोही बुधवारी. सोसायटीने नारळ फोडला. सखुबाई मात्र ओट्यावरून हलली नाही.

"माय, जाय ना आते," उखा म्हणाला.

"आज कोन जास? टेम्पो येऊ दे."

गुरुवारी कारखान्यावर उशिरा जायचं ठरवून उखा तिच्याजवळ उभा राहिला. गाठींनी भरलेला टेम्पो वळणावरून आला, उंचवटा पाहून मंदावला आणि म्हातारी दिसताच थांबला. सखुबाई सावकाश पलीकडे गेली. बागेच्या फाटकाशी थबकली, वळली आणि तितक्याच सावकाश परत आली.

"काय व्हयनं?"

"चप्पल ऱ्हायनी घर," ती म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा रस्त्यावर उतरली. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

उखाने तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला पहिल्यापासून पायातच होत्या.