गाडी काढायचं सामान

मला वाटलं होतं, मी परत येईन तेव्हा डोंगरातली माणसं अडकून पडलेली असतील. सात वर्षं मी याच चित्रावर शिकले. आधी डेहराडून, मग स्कॉटलंड. विषय आपत्ती व्यवस्थापन. चित्र असं, की रस्ता वाहून गेलाय, पलीकडे लोक हात हलवताहेत, अलीकडून मी जीप घेऊन येतेय. प्रत्यक्षात आले तर कुणीच अडकलेलं नव्हतं. मेढ्याच्या वरच्या वाड्यांतली माणसं सकाळी सव्वासहाच्या एसटीने साताऱ्याला जात होती, कामं उरकत होती आणि दुपारच्या एसटीने घरी येऊन जेवत होती. मी जरा खट्टू झाले. (माणसं सुखरूप आहेत म्हणून खट्टू होणारी समाजसेविका तुम्ही पाहिली नसेल. आता पाहिलीत.)

आमचं घर माधवनगरला. अब्बांचं कुपवाडला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, खिडक्या-ग्रिल-शटर करायचं. मी आल्याबरोबर त्यांच्या मागे लागून एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घ्यायला लावली आणि ती भरायला सुरुवात केली. मागची बाकडी उचकटून टाकली. तिथे लोखंडी खण करून घेतले. मग सामान: उंच उचलणारा जॅक, नऊ टन ओढणारा वीस मीटरचा पट्टा, तो अडकवायच्या पोलादी कड्या, चिखलात चाकाखाली सारायच्या दोन नारिंगी फळ्या, फावडं, कुऱ्हाड, साखळी, हवा भरायचा पंप, स्ट्रेचर, ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि सहा शिट्ट्या. प्रत्येक वस्तूचा नंबर, प्रत्येक नंबरची यादी, आणि यादीला लॅमिनेशन.

आम्हाला शिकवलं होतं, सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत आधी भरा. म्हणून पट्टा, कड्या आणि फळ्या मी सर्वांत आधी भरल्या. म्हणजे तळाशी. त्यावर बाकी सगळं. (सर्वांत आधी भरलेली वस्तू सर्वांत शेवटी बाहेर येते, हे पोतं भरणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. मला फक्त डिग्री होती.)

अब्बा कमरेवर हात ठेवून बघत होते. "तहरीम, गाडी भरतीयस का जहेज?"

"अब्बा, ब्रेक मारला तर हे सगळं पुढच्या माणसांच्या डोक्यात येईल. मधे जाळी पाहिजे."

"मग पुढनं हात कसा घालणार?"

"मागच्या दारातनं काढायचं."

गुंडाकाकांनी मधे जाळी वेल्ड करून दिली. गुंडाकाका अब्बांकडे वीस वर्षं आहेत. कुपवाडला खोली करून राहतात, आणि घर मेढ्याच्या वर एका वाडीत. जाळी ठोकून बघत ते म्हणाले, "आता हत्ती आला तरी न्हाई तुटायची, ताई." मला ती स्तुती वाटली.

मग बोलता बोलता त्यांनी आईचं सांगितलं. त्यांच्या आईला, शालूबाईंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साताऱ्यात शिबिर होतं. एका दिवशी तपासणी, पुढचे दोन दिवस ऑपरेशनं. सकाळी अकरापर्यंत हजर राहिलं तरच नाव पक्कं. पुढचं शिबिर थेट जानेवारीत. आणि गुंडाकाकांचा मुलगा जयराज, जो फौजेत आहे, त्याचं लग्न तुळशीचं लग्न झालं की लगेच. म्हातारीला नातसून बघायची होती.

"आमची कारभारीण घेऊन जाणारच हाय तिला सव्वासाच्या यष्टीनं," गुंडाकाका म्हणाले.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. एवढ्या एका ठिकाणी.

"एसटी कशाला?" मी म्हणाले. "मी आहे ना."

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मी वाडीत पोचले. शालूआजी ओसरीवर बसल्या होत्या. माझ्या आवाजाकडे तोंड करून म्हणाल्या, "आलीस व्हय गं? बस. साक्षीचा फोटू बघितलास का? मला दावला समद्यांनी. म्या हातानं चाचपून बघितला, गुळगुळीत लागला." साक्षी म्हणजे होणारी नातसून. "हसली की गालावर खळी पडती म्हणं. खरं का खोटं, कुणाला ठावं. माणसं लगीन जुळवताना कायबी सांगत्यात."

सकाळी पहिली अडचण आली. गाडीत पुढे दोनच सीटा. एक माझी, एक आजींची. त्यांची सून, म्हणजे गुंडाकाकांची बायको मंगलकाकी, दारात पिशवी घेऊन उभी.

"म्या मागं बसती की," ती म्हणाली.

मागे मुंगीला जागा नव्हती. काकीनं आत वाकून पाहिलं आणि सव्वासहाच्या एसटीकडे चालायला लागली. "तिथं भेटते," एवढंच म्हणाली. म्हणजे पेशंट माझ्या जीपमध्ये आणि पेशंटचे कागद, आधार कार्ड, डबा एसटीत.

आम्ही सातला निघालो. वेळ भरपूर होता, डांबरी रस्ता रिकामा होता आणि तेच मला खुपत होतं. डांबरावरून जायचं, तर नऊ टनाचा पट्टा कशाला? डावीकडे ओढ्यातून खाली उतरणारी जुनी बैलगाडीची वाट दिसली. भाताच्या खाचरांच्या कडेनं जाऊन ती खाली परत रस्त्यालाच मिळते, हे मी नकाशात पाहून ठेवलं होतं.

गाडी वळल्याचं आजींना डोळ्यांशिवाय कळलं. "बाई, हिकडनं न्हवं. हितनं म्हसरंबी जात न्हाईत."

"आजी, ही फोर-व्हील-ड्राइव्ह आहे. चारी चाकं ओढतात."

"म्हशीला बी चारच असत्यात," आजी म्हणाल्या.

ओढ्याच्या अलीकडे चारी चाकांनी मिळून आम्हाला चिखलात ओढलं. मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडीचा मागचा भाग डौलात घसरला आणि दगडी बांधाला जाऊन टेकला. मी मात्र शांत होते. खरं सांगायचं तर खूश होते. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अडकलं होतं.

उतरून मागे गेले आणि दार ओढलं. दार दोन बोटं उघडलं आणि बांधाला टेकलं. पुन्हा ओढलं. दोनच बोटं. पुढून जाळी, जिला हत्तीही तोडू शकत नव्हता.

मी अब्बांना फोन लावला.

"दार उघडत नाही म्हणजे काय?" अब्बा दुखावल्यासारखे म्हणाले. "मी स्वतः बसवलंय. मख्खन चालतं."

"गाडी बांधाला टेकलीये, अब्बा."

"मग गाडी पुढं घे."

"पुढे घ्यायचं सामान आत आहे."

पलीकडे ग्राइंडर चालू होता. तो बंद झाला. "अशी कशी भरलीस बेटा," एवढंच ते म्हणाले.

त्या दोन बोटांच्या फटीतून बोटं घालून घालून मी अख्ख्या गाडीतली एकच वस्तू बाहेर काढू शकले. शिट्टी. ती मी फुंकत बसले. पलीकडच्या खाचरात एक माणूस बैल घेऊन काम करत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पंधरा मिनिटं मी फुंकत होते.

दरम्यान आजी आतून म्हणाल्या, "पोरी, मला वर रस्त्याला नेऊन सोड. हाताला धर, म्या चालती. दुधाचा टेम्पो जातो आठाला. त्यात बसून जाती म्या मेढ्याला, तिथनं घावंल कायतरी."

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला हसवता येणार नाही. मी त्यांना म्हणाले, "आजी, अडकलेल्या माणसानं गाडी सोडून जायचं नसतं. तसा नियम आहे." तो नियम वाळवंटासाठी आणि बर्फासाठी आहे. रस्ता तिथून तीनशे पावलांवर होता. ज्या बाईनं साठ वर्षं डोक्यावर गवताचे भारे घेऊन तो चढ चढला होता, तिला मी सीटबेल्ट लावून बसवून ठेवलं.

आणि ती बसली. "बरं, तू शिकलेली हाईस," म्हणाली. आठाला वरून दुधाच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. आजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, आवाज खाली वळणावर विरेपर्यंत तशीच ठेवली, आणि मग पदर सारखा केला.

शेवटी तो माणूस आला. अर्जुना त्याचं नाव.

"मला वाटलं वानरं हाकताय," तो म्हणाला. "आमीबी शिट्टीच मारतो. म्हटलं, सरकारनं बाई ठिवली का काय वानरांवर."

"गाडी ओढायचीये."

"दोर हाय का?"

"आहे. नऊ टनाचा."

"मग काढा की."

"आत आहे. दार उघडत नाही."

"का?"

"गाडी अडकलीये."

अर्जुनानं आत डोकावलं, जाळी पाहिली, मागे जाऊन फट पाहिली, नारिंगी फळीचा कोपरा पाहिला. "म्हंजी, गाडी काढायचं सामान काढाय आदी गाडी काढाय लागतीया."

"हो."

तो बांधावर बसला. आजींनी आतून हाक दिली, "अर्जुना, मी शालू हाय रं, गुंडाची आई."

"काकी, तुमी? तुमी यष्टी सोडून हिच्यात कशाला बसला?"

"लेकरानं हौसेनं बोलावलं," आजी म्हणाल्या.

अर्जुना घरी जाऊन दोर घेऊन आला, त्यात दोन-अडीच तास गेले. मी त्याला विचारलं, हा किती टनाचा? तो म्हणाला, "वजन नाय केलं कवा. म्हस विहिरीत पडल्याली, ती काढली हुती." बैल जुंपताना मी सगळ्यांना दोराच्या दीडपट लांब उभं राहायला सांगितलं. सगळे म्हणजे अर्जुनाची बायको रंगूबाई. ती बिचारी एवढ्या लांब गेली की तिला परत बोलावायला अर्जुनाला पाठवावं लागलं, कारण चाकाखाली घालायचा पेंढा तिच्याकडे होता. बैलांनी दुसऱ्या हिसक्याला गाडी काढली. मागचं दार आपोआप धाडकन उघडलं आणि साखळी, पंप, स्ट्रेचर, सगळं चिखलात ओसंडलं. पट्टा तळाशी होता. तो तेवढा आतच राहिला, कोरा करकरीत.

साताऱ्यात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मंगलकाकी पायरीवर बसली होती. ती साडेआठलाच पोचली होती, तिचा नंबर सातवा होता. "शालूबाई म्हणून पुकारलं," ती म्हणाली, "म्या हात वर केला. म्हटलं, नाव तरी जाऊ नये. त्यांनी मला खुर्चीत बसवून डोळ्यांत थेंब घातलं. मग डॉक्टर म्हणलं, आजी, तुमचं डोळं माझ्यापरीस चांगलं हायत." सकाळपासून तिला सगळं धूसर दिसत होतं. आमच्या तिघींत आता रस्ता दिसणारी मी एकटीच उरले होते, आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

डॉक्टर निघून गेले होते. नोंदणीच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, यादी बंद झाली. मी त्यांना ग्रामीण आरोग्यव्यवस्था, नागरिकांचे हक्क आणि यंत्रणेची असंवेदनशीलता यांवर वीस मिनिटं सुनावलं. ऐकून झाल्यावर त्यांनी टेबल घडी करून काखेत मारलं.

परतीच्या वाटेवर काकी पुन्हा एसटीने गेली. आजी माझ्या शेजारी होत्या. मी माफी मागायला तीनदा तोंड उघडलं. चौथ्यांदा आजीच म्हणाल्या, "तुझ्या गाडीची शीट मऊ हाय गं. कंबर न्हाई दुखली." थोड्या वेळानं म्हणाल्या, "खळी काय, हात लावून बी कळंल. नवी नवरी हाय, लाजंल जरा." जाळीमागे चिखलातली साखळी खडखडत होती. मला त्या दिवशी कुणीतरी ओरडायला हवं होतं. कुणीच ओरडलं नाही.

वाडीत घरी आल्यावर मंगलकाकीनं टेबलवाल्या गृहस्थांना फोन लावला. नंबर तिनं सकाळीच रांगेत बसल्या बसल्या घेऊन ठेवला होता. "भाऊ, म्या त्या चांगल्या डोळ्याची," ती म्हणाली. पलीकडचे हसले. दोन मिनिटांत ठरलं: उद्या सकाळी येऊन बसा. ऑपरेशनच्या आधी कुणाचं बीपी वाढलं, कुणी घाबरून पळालं, तर जागा होते. खात्री नाही, पण होते.

सकाळी साडेपाचला मी तयार झाले. केस बांधले, बूट घातले, फाइल घेतली. जीपला हात लावायचा नाही, एसटीनेच जायचं, इतपत अक्कल मला रात्रीत आली होती. पण सोबत जायचंच, असा निश्चय होता. कुणीतरी बोलणारं नको का?

आजी उंबऱ्यात चपला चाचपत होत्या. माझ्या बुटांचा आवाज ऐकून थांबल्या.

"तू कुठं निघालीस?"

"तुमच्याबरोबर. डॉक्टरांशी बोलायला."

आजींनी काकीकडे तोंड केलं. काकीनं पिशवीकडे पाहिलं. मग आजींनी चाचपत माझा हात धरला आणि अगदी मऊपणानं, जसं तापातल्या पोराला समजावतात तसं, म्हणाल्या, "लेकरा, आज कुणाचं तरी बीपी वाढलं पायजे, ही खरी गोष्ट हाय. पण डॉक्टरचं वाढून कसं चालंल?"

मी क्षणभर विचार केला, बूट काढले आणि घरीच थांबायचं ठरवलं. जावळी तालुक्यात मी वेळेवर पार पाडलेलं हे पहिलं मदतकार्य.