गिरणीचा पत्ता

युसूफ वडगाव या गावात किसनबप्पांचं घर कुठं आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण खुद्द बप्पांना विचारा, ते सांगणार नाहीत. "बाहेरच्याला गिरणी. घर घरच्यांला." संपला विषय! थोरल्याच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा या गृहस्थांनी आपल्या पिठाच्या गिरणीचाच पत्ता छापला. निम्मे पाहुणे अंगावर पीठ घेऊन मांडवात शिरले.

मी गिरणीशेजारी भाड्यानं राहतो आणि पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळं हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळतो.

बप्पांच्या घरात माणसं खंडीभर. भाऊ, भावजया, पोरं, सुना. प्रत्येकाचं काही ना काही पार्सल येणार, तेही गिरणीवर, बप्पांच्याच नावानं. साडी कुणाची आणि मोबाईलचं कव्हर कुणाचं, हे सगळं बप्पांच्या डोक्यात. कारण घरातून काही मागवायचं तर आधी त्यांच्या कानावर घालायचं, असा दंडकच आहे. न सांगता आलेलं पार्सल आल्या पावली माघारी. एकदा कुरिअरवाला म्हणाला, "अहो बप्पा, बक्षीस लागलंय तुमाला!"

"लागू दे. घरातून कुणी मागितलं न्हाई. ने परत!"

मागच्या महिन्यात वर्गात प्रायव्हेट आणि पब्लिक आयपी अॅड्रेसचा धडा होता. एकानं विचारलं, "सर, माझ्या मोबाईलचा आयपी १९२.१६८.१.५, ह्याच्या घरी ह्याच्या मोबाईलचाबी त्योच. मंग घोटाळा कसा हुत न्हाई?"

मी पुस्तक मिटलं आणि सरळ बप्पांना वर्गात ओढलं. "अरे, घरोघरी एक धाकटा असतोच ना? घरात धाकट्या म्हणून हाक मारली की त्याच घरचा येतो. हा झाला प्रायव्हेट आयपी, उंबऱ्याच्या आतला. बाहेरच्या जगाला मात्र अख्ख्या घराचा एकच पत्ता माहीत, गिरणीचा. तो पब्लिक. आणि मधे बसलेले बप्पा म्हणजे राउटर. आतून कुणी काय मागवलं ते ध्यानात ठेवायचं, आलेलं ज्याचं त्याला द्यायचं, आगंतुकाला बाहेरच्या बाहेर काढायचं."

संध्याकाळी बप्पा दारात हजर. "मास्तर, मला राउटर म्हणलाव म्हणं? शिवी न्हाई ना?"

समजावून सांगितलं, तर स्वारी आठवडाभर खुशीत होती.

त्यांचा धाकटा, सचिन, गिरणी चालवणार नाही म्हणून भांडून नाशिकला गेला, तो दिवाळीलाही आला नाही. बप्पा त्याचं नाव काढू देत नसत. त्याची आई, आमच्या माई, दळणाच्या निमित्तानं यायच्या आणि कुणाचा फोन आला का, ते मला हळूच विचारून जायच्या.

गेल्या आठवड्यात माई गिरणीत असतानाच एक खोकं आलं. माईंसाठी, पाठवणारा सचिन. घरातून कुणीच काही मागवलेलं नव्हतं. कुरिअरवाल्याला बप्पांचा नियम पाठ. तो न विचारताच खोकं पुन्हा पिशवीत घालायला लागला. माईंनी तोंडाला पदर लावला.

"थांब बे!" बप्पांनी गिरणी बंद केली. खोकं त्याच्या हातातून घेतलं आणि मला म्हणाले, "मास्तर, लावा त्याला फोन."

सचिननं फोन उचलला मात्र, बप्पा कडाडले, "गिरणीचा पत्ता काहून टाकलास रं? तू काय बाहेरचा हायेस?"

बप्पांनी खोकं माईंपुढं सरकवलं.

"घरचा टाकायचा. न्हाईतर असं कर, काय धाडूच नको. तूच ये. गिरणीला हात लावू नको, नुस्ता ये. लई आठवण येती रं तुजी..."

माईंनी फोन केव्हाच हिसकावून घेतला होता, तरी बप्पा बोलतच होते.