सरकारी कळपास जोंधळा घातला त्याची हकीकत

कुलस्वामीचे स्मरण करोन आणि ऐकणारांची क्षमा मागोन लिहितो. शके सोळाशें एकोणीस, ईश्वर नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, घाटापलीकडील माळरानाच्या राज्यात जें वर्तमान जाहले, ते येणेंप्रमाणे.

त्या राज्यात लागोपाठ दोन साले पाऊस पडला नाही आणि गावोगावची मेंढरे चाऱ्यावाचून मेली आणि लोकांस पांघरावयास घोंगडी मिळेना. उरला तो एक सरकारी कळप. त्याचे नाईक धुळोजी पाटोळे, जातीचे धनगर, मेंढवाड्यातच जन्मलेले. त्यांनी आणि त्यांची स्त्री मंकाबाई यांनी कळप परमुलखी नेला आणि वाळले गवत, बाभळीचा पाला, मिळेल ते चारून जगविला. नुसत्या वाळल्या गवताने मेंढरांची पोटे भरत, परंतु अंगी काही लागेना. मग मंकाबाईंनी पायींचे वाळे मोडोन तुरीची चुणी, म्हणजे डाळ भरडोन उरला चुरा, घेतली आणि सांजसकाळ थोडथोडी चारिली. कडधान्याचे बळ पोटात जाताच तेंच गवत मेंढरांस जिरो लागले आणि हाडे झाकली आणि माद्या गाभण राहिल्या. यंदा पाऊसपाणी बरे जाहले, जोंधळा पिकला, तेव्हां उभयतां कळप घेवोन माघारी आली.

राज्याची मालकीण बाईसाहेब. त्या स्वतां वेशीपर्यंत सामोऱ्या गेल्या. मेंढरे रोड, लोकर मातीने माखलेली, तरी चालत आलेली पाहोन बाईसाहेबांस गहिवर आला. धुळोजींच्या खांद्यावर शेला घातला आणि बोलिल्या, “नाईक, मुलखाचे बियाणे तुम्ही राखिलेत. माद्या व्याल्या म्हणजे गावोगाव जोड्या वाटू. आमच्या मुक्या लेकरांनी फार उपास काढिले. आज कोठार उघडा आणि यांस पोटभर जोंधळा घाला.”

दरबारी मंडळींनी वाहवा केली. धुळोजींच्या मनात तत्क्षणी वडिलांचे बोल उभे राहिले, की गवतावरच्या मेंढरास दाणा मुठीने दाखवावा आणि मूठ हळूहळू वाढवावी, एकदम घातला तर पोट आंबते. ते बोलावयास पुढे झाले. परंतु बाईसाहेबांच्या डोळां पाणी होते आणि शेला नवा होता आणि एवढ्या लोकांत एवढा मान त्यांस जन्मात मिळाला नव्हता. मनास म्हणाले, एका दिवसाने काय होते, बिचारी उपाशी आहेत. आणि मुखें बोलिले, “जशी आज्ञा.” मग कोठार उघडले आणि जोंधळ्याच्या राशी अंगणात ओतिल्या आणि मेंढरे तुटोन पडली. बाईसाहेबांनी आपले हाताने ओंजळी घातल्या. धुळोजींनीही घातल्या. मंकाबाई तेव्हां गाभण्यांकरितां पाणी आणावयास ओढ्यावर गेल्या होत्या, त्या परतल्या तो राशी सरल्या होत्या.

दुसरे दिवशी उजाडता मेंढवाड्यात रवंथाचा आवाज नाही. मेंढरे माना टाकोन उभी, पोटे टम्म, दात करकरा खात, हगवण पाण्यासारखी आणि वास ताकाच्या नासल्या मडक्याचा. चालविली तर झिंगल्यासारखी पडत. धुळोजींनी जाणले. पापडखार पाण्यात कालवोन नळ्यांनी पाजिला, पोटे चोळली, दाण्याचा कण कण झाडोन पुढे वाळले गवत टाकिले. जी बेताने खाऊन होती ती वाचली. जी धट्टीकट्टी, पुढे घुसोन खाणारी आणि ज्या गाभण्या अधाशी, त्या बहुतेक गेल्या. अर्ध्याहून अधिक कळप उताणा जाहला. मंकाबाई एका मेलेल्या मादीचे डोके मांडीवर घेवोन बैसल्या होत्या. धुळोजी जवळ गेले.

त्या म्हणाल्या, “धनी, तुम्हांस ठाऊक नव्हते का?”

“ठाऊक होते.”

मंकाबाईंनी मांडीवरचे डोके हळूच खाली ठेविले. शिव्या दिल्या असत्या तर बरे, ऐसे धुळोजींस वाटले. मग त्या उठोन दुसरीस पाजावयास गेल्या आणि धुळोजींनी नळी धरिली.

बाईसाहेब धावत आल्या. म्हणाल्या, “आमच्या जोंधळ्यात विष होते काय?”

“विष नव्हे, बाईसाहेब. मेंढराचे पोट विरजणाच्या डेऱ्यासारखे. गवत त्यात सावकाश मुरते. दाण्याचे पीठूळ सत्त्व एकदम पडले, की आत सारे आंबते आणि गवत जिरविणारे विरजणच मरते. दाणा सवयीने वाढवावा, सोबत चुणी द्यावी, गवत कधी तोडू नये.”

“हें काल का सांगितले नाही?”

“मान फार मोठा होता. तो मोडवेना.”

बाईसाहेबांनी वाकोन एका मेंढराच्या टम्म पोटावर हात ठेविला. मग म्हणाल्या, “आम्हीं लाड केला आणि विचारिले नाही. अपराध एकट्याचा नव्हे.” शिक्षा केली नाही, नाईकीही काढिली नाही. धुळोजींस ती दया शिक्षेहून जड गेली.

पुढे उरलेला कळप उभयतांनी गवतावर ठेविला आणि चुणी दिली आणि जोंधळा चिमटीपासोन वाढविला. माद्या व्याल्या, एकही कोकरू दगावले नाही. वाटणी जाहली, परंतु थोड्याच गावांस पुरली. ज्यांस मेंढरे मिळाली नाहीत त्या गावांस निरोप द्यावयास धुळोजी स्वतां गेले. एका गावी पाटील रायबा खरात यांनी मेंढरांकरितां काटेरी कुंपणाचे नवे वाडगे बांधोन सारवून ठेविले होते आणि पोरीबाळी हळदकुंकवाची ताटे घेवोन उभ्या होत्या. पाटील म्हणाले, “नाईक, मेंढरे मागून येताहेत ना?”

धुळोजी म्हणाले, “यंदा नाही, पाटील. माझ्या हातून गेली.” आणि जें जाहले तें सर्व, शेल्यासकट, सांगितले. पोरींनी ताटे खाली ठेविली. पाटलांनी भाकर वाढावयास सांगितली. धुळोजींनी ती अन्नाचा अवमान नको म्हणोन खाल्ली. तेथोन पुढल्या गावीही तेंच सांगितले, पुढेही तेंच.

एवंच, दुष्काळाने जें मारिले नाही तें प्रीतीने मारिले. त्या गावांतील लोकांनी आणखी दोन हिवाळे घोंगडीवाचून काढिले. जाहले तें ऐसे जाहले. लेखनसीमा.